मऊ पेडल आणि दाजी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात उभा राहून त्यांच्यावरच चिडत होतो. शाळा उघडायचे दिवस होते, आमच्या जळगावच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सकाळी ऐन गर्दीत त्यांचा फोन आला होता. "पेडल परत मऊ व्हयनं. रविवारले ये." बस, एवढंच. कसा आहेस, दुकान कसं चाललंय, वेळ आहे का, काही नाही. रविवार हा माझा आठवड्यातला एकमेव सुट्टीचा दिवस, आणि तो आपल्या गाडीच्या ब्रेकसाठीच राखून ठेवलेला आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. मी "येतो" म्हटलं, फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला हवी असलेली वही सोडून भलतीच काढून दिली. दुपारी अक्काचं नाव फोनवर दिसलं तेव्हा वाटलं, दाजींनी निरोप दिला असणार... येताना पांढऱ्या कार्डशीट घेऊन ये म्हणून. अक्का म्हणाली, "सुधाकर, हे जेवायला उठत नाहीयेत." तिचा आवाज इतका साधा होता की मला कळायला वेळ लागला. मी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. हृदय. झोपेतच. म्हणजे माणसाने मला रविवारी बोलावलं आणि स्वतः रविवारपर्यंत थांबला नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. गाव दोंडाईच्याकडचं, नोकरी मोजणी खात्यात, घर जळगावला. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. दारावर बसायला येणारे येऊन गेले, पाहुणे परतले. आलेला प्रत्येक जण एकच सांगत होता: किती शांत गेले, कुणाला त्रास दिला नाही, पुण्यवान माणूस. मी मान हलवत बसायचो. कुणाला त्रास दिला नाही, हे वाक्य दाजींबद्दल ऐकताना गप्प राहणं किती अवघड आहे, हे ज्याने त्यांच्या गाडीत बसून ब्रेक दाबलेत त्यालाच कळेल. म्हणून हे लिहितो आहे. त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला अख्खा खानदेश आहे. चिडून बोलायला जवळचं माणूस लागतं, आणि तो मान मी कुणाला देणार नाही.

अक्काला पाहायला ते चाळीसगावला आमच्या घरी आले, तेव्हा मी शाळेत होतो. पाहुणे बसले, पोहे झाले, अक्का ट्रे घेऊन येऊन गेली. सगळ्यांचं लक्ष मुलाने मुलीकडे पाहिलं की नाही याच्याकडे. मुलगा पाहत होता आमच्या पुढच्या दाराच्या पायरीकडे. ती एका बाजूने किंचित खचलेली होती, कित्येक वर्षं तशीच होती, आम्ही तिच्यावरून सवयीने पाय वाकडा टाकून जायचो. दाजींनी वडलांना विचारलं, ही कधीपासून बसते आहे? वडील म्हणाले, दर दिवाळीला सिमेंट लावून सारखी करतो. यावर मुलगी बघायला आलेला हा माणूस खाली उतरला, पायरीपाशी उकिडवा बसला, बोटाने माती उकरली आणि माती ओली आहे असं जाहीर केलं. मोरीचं पाणी आतून झिरपत होतं. "सिमेंट लावून काय व्हई? पाणी कोठून येस ते पहिले दखा," असं होणाऱ्या सासऱ्याला त्यांनी सांगितलं. त्यांच्या आईने कपाळाला हात लावला. आमच्या वडलांना मात्र मुलगा इतका पसंत पडला की त्यांनी अक्काला विचारायच्या आधीच होकार दिला, याबद्दल अक्काने त्यांना पुढे अनेक वर्षं ऐकवलं.

नोकरीनेही तोच स्वभाव पक्का केला. बांधावर दोन भाऊ हमरीतुमरीवर आलेले असायचे, दोघांच्या बाजूने गावातली माणसं शपथा घ्यायची, आणि दाजी सगळं ऐकून झाल्यावर विचारायचे, हद्दीचा दगड कुठे आहे? दगड सापडेपर्यंत ते पाणीही प्यायचे नाहीत असं त्यांचे सहकारी सांगत. कुणाच्या सांगण्यावर जायचं नाही, हा त्यांचा नियम होता. शेताच्या बाबतीत तो ठीकच. पण घरात? भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं तर कोणत्या घासाला लागलं असं विचारणारा माणूस होता तो. डोकं दुखतं म्हणायची अक्काला सोय नव्हती, कारण कुठे, कधीपासून, उजवीकडे की डावीकडे, उन्हात गेली होतीस का, अशी मोजणीच सुरू व्हायची. अक्का शेवटी गुपचूप गोळी घ्यायची आणि दुखत नाही म्हणायची.

निवृत्तीनंतर त्यांनी जुनी पांढरी गाडी घेतली. लेक वैशाली धुळ्याला दिलेली, तिच्याकडे स्वतःच्या गाडीने जायचं हे त्यांचं स्वप्न. गाडी चांगली होती. ते चालवायचेही जपून, इतकं जपून की एरंडोलपर्यंत मागे ट्रकची रांग लागलेली असायची. गेल्या हिवाळ्यात एकदा धुळ्याहून परत येताना बांभोरीच्या पुलाअलीकडच्या उतारावर केळीचा एक ट्रक पुढे अचानक थांबला. दाजींनी ब्रेक दाबला तर पेडल नेहमीच्या जागी न थांबता खाली गेलं. मऊ. त्यांनी घाईने दोन-तीनदा दाबलं तेव्हा कुठे गाडी थांबली, ट्रकच्या मागे लटकणाऱ्या केळीच्या पानाला लागायच्या बेतात. शेजारी अक्का बसलेली होती. घरी आल्यावर तिने चपला काढल्या आणि शांतपणे सांगितलं की ब्रेक नीट होईपर्यंत ती या गाडीत बसणार नाही. वैशालीचे दिवस भरत आले होते. बारशाला जायचं, तर एसटीने.

एवढ्यावरून कुणीही गाडी गॅरेजला नेली असती. दाजींनीही नेली, तेवढं मान्य केलं पाहिजे. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलची बाटली ओतली, डबी भरली, दोनदा पेडल दाबून पाहिलं आणि म्हणाला, झालं, आता बिनधास्त फिरा. दाजींनी विचारलं, ऑइल कमी का झालं होतं? तो म्हणाला, जुनी गाडी आहे, होतं. झालं! "तेल कमी व्हयनं म्हणजे कोठे तरी गयं. कोठे गयं ते सांग." गॅरेजवाल्याला दुसऱ्या गाड्या होत्या. त्याने एवढं मात्र सांगितलं की मागच्या दोन्ही चाकांतले सिलिंडर जुने असणार, करायचं तर जोडीनेच बदला. दाजींनी गाडी तशीच घरी आणली आणि मला फोन केला. त्या दिवसापासून माझे रविवार संपले.

पहिल्या रविवारी मी गेलो तर दाजी अंगणात शेवग्याखाली गाडीशेजारी खुर्ची टाकून बसलेले. मला म्हणाले, बस आत, इंजिन चालू करू नको, पेडल दाब. दाबलं. धरून ठेव. ठेवलं. खाली सरकतंय का? नाही. आता सोडून पटापट दाब. दाबलं तर प्रत्येक वेळी पेडल थोडं वर येऊन घट्ट होत गेलं. थोडा वेळ थांबून पुन्हा दाबलं, पुन्हा मऊ. हे आम्ही इतक्या वेळा केलं की माझी पोटरी भरून आली. मग दाजींनी निर्णय दिला. पेडल धरल्यावर हळूहळू खाली बसत असतं तर वरचा मोठा सिलिंडर आतून गळतोय असा अर्थ. ते बसत नाही, म्हणजे तो निर्दोष. दाबून दाबून घट्ट होतंय, म्हणजे नळीत हवा शिरली आहे. आणि तेल जिथून बाहेर जातं, तिथूनच हवा आत येते. तेव्हा जागा शोधायची. मी म्हटलं, शोधा. ते म्हणाले, तुझ्या दुकानातून चार पांढऱ्या कार्डशीट आण.

त्या कार्डशीट संध्याकाळी चार चाकांखाली अंथरल्या गेल्या, कडांवर विटा ठेवून. कोणत्या कागदावर डाग पडतो ते सकाळी पाहायचं. सकाळी चारही कोऱ्या. मांजराच्या पावलांचे ठसे तेवढे होते. दाजींना याने निराश व्हावं ना? उलट खूश. बाहेर गळत नाही म्हणजे चाकातल्या ड्रमच्या आत गळतंय, असं म्हणून त्यांनी मागची चाकं उतरवायला काढली. डाव्या मागच्या चाकाचा ड्रम ठोकून ठोकून निघाला, आणि आत खरंच ब्रेकच्या पट्ट्या ओल्या, काळ्या, चिकट. छोट्या सिलिंडरच्या रबराच्या टोपीतून तेल झिरपत होतं. दाजींनी बोट लावलं, वास घेतला, मला घ्यायला लावला. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू हद्दीचा दगडच सापडला. उजव्या चाकातलं त्यांनी नखाने खरवडून पाहिलं. कोरडं. मी म्हटलं, दाजी, तो म्हणाला होता जोडीने बदला, आता चाक उघडलंच आहे तर बदलून टाका. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "ज्याना दोष नई, त्याले काबर काढू?" यापुढे वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. त्यांनी डावा सिलिंडर नवा बसवला, पट्ट्या नव्या घातल्या, उजवा तसाच ठेवला.

आता राहिली नळीतली हवा काढायची. हे काम एकट्याने होत नाही. एक जण आत बसून पेडल दाबणार, दुसरा चाकामागे आडवा होऊन नळीच्या टोकाचा छोटा स्क्रू उघडणार, त्याला लावलेल्या पारदर्शक नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत येणार. वरच्याने आधी दोन-तीनदा दाबायचं, मग पाय दाबून धरायचा आणि "धरलं" म्हणून ओरडायचं. मग खालच्याने स्क्रू उघडायचा, बंद करायचा, "सोड" म्हणायचं. तेव्हाच पाय उचलायचा. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, सगळा कारभार आवाजावर. पाय वर येत असताना स्क्रू उघडला, तर बाहेर जाण्याऐवजी हवा आत खेचली जाते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं दाजींनी मला इतकं समजावून सांगितलं की शाळेतल्या मुलालाही पाठ झालं असतं.

आणि तरी बुडबुडे थांबेनात. "दाब." दाबलं. "धर." धरलं. खालून खळखळ, बुडबुडे, मग "सोड." पुन्हा "दाब." बाटली भरत आली, नवी बाटली आली, बुडबुडे तसेच. दुपार झाली, ऊन शेवग्यातून सरकून माझ्या मांडीवर आलं. दाजी गाडीखालून म्हणाले, तुझा पाय ढिला आहे. मी म्हटलं, माझा पाय ठीक आहे. त्यांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकल्याचं दाखवलं नाही. पुढचा रविवार तसाच गेला. त्याच्या पुढचाही. माझ्या बायकोने विचारलं की तुम्ही दर रविवारी जाऊन नक्की करता काय, आणि मला तिला सांगता येईना की मी एका बंद गाडीत बसून पाय दाबतो. प्रत्येक वेळी निदान तेच, माझा पाय. शेवटी मी एकदा चिडून म्हटलं की दाजी, मी दुसरा माणूस आणतो, त्याचा पाय बघा. ते गाडीखालूनच म्हणाले, "जेवण लागनं का तुले?" मी काय बोललो आणि त्यांनी काय ऐकलं याचा मेळ बसेना, तरी मला काही सुचलं नाही. मी फक्त आणखी चिडलो.

सुचलं अक्काला. ती चहा घेऊन आली होती, आणि नेहमीसारखी निघून न जाता बॉनेटला टेकून उभी राहिली. मी दाबत होतो, दाबत होतो, "धरलं" म्हणून ओरडत होतो. थोड्या वेळाने ती खाली वाकली आणि गाडीखाली पाहून म्हणाली, "तो 'धरलं' म्हणस, त्याना पहिलेच तुम्हीन स्क्रू उघडी देतस." मी पाय पेडलवर तसाच ठेवून बसलो होतो. खालून दाजी म्हणाले, "माले बठ्ठं ऐकू येस." अक्का म्हणाली, काल दारात दूधवाला हाका मारून परत गेला. दाजी म्हणाले, दूधवाला हळू बोलतो. अक्काने चहाचा ट्रे बॉनेटवर ठेवला, पदर खोचला आणि मागच्या चाकापाशी, गाडीखालून बाहेर आलेल्या त्यांच्या पायांजवळ खाली बसली. मला म्हणाली, आता म्हण. मी दाबलं, धरलं, ओरडलो, "धरलं!" अक्काने त्यांच्या नडगीवर हात ठेवून दाबला. त्यांनी स्क्रू उघडला. बाटलीत बुडबुडे आले. पुन्हा. पुन्हा. मग बुडबुडे विरळ झाले, मग एखाद-दुसरा, मग नुसतं स्वच्छ तेल, आणि माझ्या पायाखालचं पेडल वर, टणक, जागच्या जागी थांबलं. मी इतके रविवार त्या पेडलवर घालवले होते, आणि पेडल घट्ट होणं म्हणजे काय हे मला तेव्हा पहिल्यांदा तळपायाला कळलं.

दाजी बाहेर आले, कपडे झटकले, थंड झालेला चहा प्यायले. ऐकू येत नाही हे त्यांनी कधीही मान्य केलं नाही. कानाच्या डॉक्टरकडे जायची गोष्ट अक्काने काढली की ते ऐकूच येत नसल्यासारखं करायचे, आणि यातलं खरं किती, नाटक किती, हे कुणालाच कळायचं नाही. पण अक्का गाडीत बसली. बारशाला आम्ही सगळे त्याच गाडीने धुळ्याला गेलो. बांभोरीच्या उतारावर त्यांनी मुद्दाम ब्रेक दाबून दाखवला, मागे वळून अक्काकडे पाहिलं, आणि पुढचं पाहा म्हणून तिने त्यांना दटावलं. त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा प्रवास असावा... मी तरी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

त्याच दिवशी वैशालीकडचा जिना चढताना ते मधेच थांबले. कठड्याला धरून, तोंडाने श्वास घेत. मी खाली होतो. विचारलं, काय झालं? "नुसता गॅस शे." जेवणाआधीच? मी म्हटलं, दाजी, हे एकदा दाखवून घ्या. त्यांनी खिशातून पाचकाची पुडी काढली, पाण्याबरोबर घेतली, जरा वेळाने ढेकर दिली आणि म्हणाले, बघ, गेला. नंतर अक्काने सांगितलं की असं हिवाळ्यापासून होत होतं, आणि प्रत्येक वेळी तीच पुडी. अंघोळीनंतर घाम यायचा, डावा खांदा धरायचे, पुडी घ्यायचे. तिने दवाखान्याचं नाव काढलं की वयानं होतं म्हणायचे. वयानं होतं! जुनी गाडी आहे, होतं, असं त्या गॅरेजवाल्याने म्हटलं तेव्हा त्याच्यावर खेकसणारा माणूस हे म्हणत होता. अहो दाजी, चाळीसगावच्या आमच्या पायरीखालची माती उकरून पाहिलीत तुम्ही, चार चाकांखाली कार्डशीट अंथरल्यात, रबराच्या टोपीचा वास घेतलात, आणि स्वतःच्या छातीवर नुसत्या पुड्या ओतत बसलात. कुठून येतंय हे तेवढं एकदा का नाही बघितलंत? मला हे त्यांना तोंडावर विचारायचं होतं. आता कुणाला विचारू? मी चिडलो आहे, आणि ज्याच्यावर चिडायचं तो माणूस फोन उचलत नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर गाडीचं काय करायचं हा प्रश्न निघाला. अक्काने आधीच ठरवलेलं होतं, गाडी वैशालीची. बाळाला घेऊन ती धुळ्याला परत जाणार ती याच गाडीने, स्वतः चालवत. मी म्हटलं, पेडल मऊ आहे, दाजींनी गेले त्या सकाळी फोनवर सांगितलं होतं, गॅरेजला देऊ. रविवारी सकाळी मी गेलो तर शेवग्याखाली डाव्या मागच्या चाकाशेजारी गोणपाट अंथरलेलं, त्यावर दाजींचे पाने ओळीने मांडलेले, पारदर्शक नळी आणि बाटली धुऊन ठेवलेली. अक्का दारात उभी होती. "पोरगी लेकरू लिसन जाई या गाडीमा," ती म्हणाली. एवढंच. गॅरेजचं नाव पुन्हा काढायची माझी हिंमत झाली नाही. गुडघे धरत मी खाली बसलो. साठीच्या माणसाच्या रविवारावर हक्क सांगणारी ही दुसरी पिढी, असं मी पुटपुटलो, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

वैशाली पेडलवर बसली. मी तिला दाबायला लावलं, धरायला लावलं. बसत नाही. पटापट दाबल्यावर घट्ट होतंय. म्हणजे हवा. म्हणजे कुठून तरी तेल जातंय. मी उजवं मागचं चाक उतरवलं, ड्रम ठोकून काढला. आत ओलं, काळं, चिकट. उजवा सिलिंडर. ज्याचा दोष नव्हता तो. मी त्या ओल्या पट्ट्यांकडे पाहत बसलो आणि मला आधी इतका संताप आला की पाना फेकून द्यावासा वाटला, आणि मग हसू आलं... मग दोन्ही एकदम. जोडीने बदला म्हटलं होतं ना त्या माणसाने? मीही म्हटलं होतं ना? त्यांना ते कळलंही असणार. त्या सकाळी फोनवर आवाज जरा पडलेला होता, तो मी गर्दीत नीट ऐकला नाही असं मला आता वाटतं, किंवा तसं वाटून घ्यायला बरं वाटतं. नवा सिलिंडर आणायला गेलो, दुकान उघडायला लावलं, परत आलो, बसवला. वैशालीचं बाळ पडवीत झोळीत झोपलं होतं आणि अक्का एका हाताने झोळीची दोरी ओढत होती.

मग हवा काढायची वेळ आली. आधी सर्वांत लांबचं चाक, म्हणजे मागचं डावं. मी गोणपाटावर पाठीवर आडवा झालो, गाडीखाली सरकलो. दाजी इतके रविवार जे पाहत होते ते मला पहिल्यांदा दिसलं. गंज, धूळ, कोळ्याचं जाळं, आणि स्क्रूच्या भोवती त्यांच्या पान्याने उमटलेल्या चकचकीत खुणा. मी नळी लावली, पाना बसवला आणि "दाब" म्हणून ओरडलो. वैशालीने दाबलं, सोडलं, दाबलं. "धर." वरून तिचा आवाज आला, खणखणीत, शेजारच्या घरात ऐकू जाईल असा. "धरलं, मामा!"

माझे कान चांगले आहेत. मला ते अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं. पाना हातात होता, आता नुसता फिरवायचा. पण मी तो फिरवला नाही. का थांबलो, ते मलाही नीट सांगता येणार नाही. वैशालीने पुन्हा विचारलं, मामा, धरलंय, ऐकू आलं का? मी काही बोललो नाही. पडवीतली झोळीची करकर थांबली. चपलांचा आवाज अंगणातून जवळ आला, कुणीतरी चाकापाशी खाली बसलं, आणि गाडीखालून बाहेर आलेल्या माझ्या नडगीवर अक्काचा हात पडला आणि तिने तो त्या दिवशी दाजींच्या नडगीवर दाबला होता तसाच दाबला.

मी स्क्रू उघडला.